चिकटवलेले घरटे

मार्च महिन्यातली गोष्ट आहे. २० मार्च हा जागतिक चिमणी दिन. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून तो पाळला जाऊ लागला, आणि शाळाशाळांतून चिमण्यांसाठी लाकडी घरटी तयार करण्याच्या कार्यशाळा सुरू झाल्या. अशाच एका कार्यशाळेला पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला. महापालिकेची शाळा, सातवीचा वर्ग, चाळीसेक मुले-मुली. एका मोठ्या कंपनीचे वीस-बावीस कर्मचारी एकसारखे टी-शर्ट घालून सेवाभावाने आले होते. प्रत्येक मुलापुढे एक खोका ठेवण्यात आला. खोक्यात यंत्रावर कापून आणलेल्या सहा फळ्या, फेव्हिकॉलची छोटी बाटली, रंगाच्या दोन डब्या आणि एक कुंचला. फळ्यांवर एक ते सहा आकडे छापलेले. एकला दोन चिकटवायची, दोनला तीन. पाऊण तासात चाळीस घरटी उभी राहिली. मुलांनी ती डोक्यावर धरली, छायाचित्रे निघाली, टाळ्या झाल्या.

मागच्या रांगेतला एक मुलगा मात्र घरट्याच्या भोकात बोट घालून बसला होता. त्याने विचारले, ‘‘यातून चिमणी आत कशी जाईल?’’ भोक रुपयाच्या नाण्याएवढे होते. चिमणीला सव्वा इंच तरी लागते. शेजारी उभ्या असलेल्या ताई प्रेमाने म्हणाल्या, ‘‘बेटा, तू आधी रंग पूर्ण कर.’’ मुलाने रंग पूर्ण केला. नंतर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, ‘‘सर, माझे पप्पा सेंट्रिंगला आहेत. आमच्याकडे गिरमिट आहे. भोक मोठं करून उद्या आणू का?’’ ते शक्य नव्हते. घरटी प्रदर्शनासाठी त्याच दिवशी गोळा करून न्यायची होती.

त्या मंडळींची टिंगल करावी असे मला वाटत नाही. सुटीच्या दिवशी घरी न बसता ती आली होती आणि मुलांशी आपुलकीने वागत होती. प्रश्न वेगळाच आहे. त्या चाळीस जणांत भोक लहान आहे हे एकालाच कळले, ते दुरुस्त करण्याचे हत्यार त्याच्या घरी होते, ते चालवणारा माणूसही घरीच होता, आणि आमच्या साऱ्या उपक्रमात त्या तिघांपैकी एकालाही जागा नव्हती. मुलांना ‘स्वतःच्या हाताने काही घडवण्याचा आनंद’ देण्यासाठी आपण जमलो होतो. प्रत्यक्षात घडवण्याचे सगळे काम कारखान्यात उरकून आम्ही फक्त चिकटवण्याचे काम वर्गात आणले होते.

हे आता वाढत जाणार आहे, म्हणून त्याचा विचार करायला हवा. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामासाठी खर्च करणे बंधनकारक केले. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद लागू आहे. सरकारनेही २०१६ पासून ‘अटल टिंकरिंग लॅब’ ही योजना आणली आणि प्रत्येक निवडलेल्या शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांच्या हाताखाली शिकावे, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे पैसा आहे, धोरण आहे, हौसही आहे. तरीही हातात येते ते आकडे छापलेल्या सहा फळ्यांचे खोके. असे का व्हावे?

याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपल्या पिढीने शाळेत ‘कार्यानुभव’ नावाचा विषय शिकला. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात त्याची शिफारस केली होती. पुढे १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे भारदस्त नाव दिले. या भारदस्त नावाखाली आपण काय केले? शुभेच्छापत्रे, क्रेप कागदाची फुले आणि आईसक्रीमच्या काड्यांचे घर. तेही बहुतेकांनी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आईकडून किंवा मोठ्या बहिणीकडून करून घेतले. समाजाला त्याचा काही उपयोग नव्हता, उत्पादक तर ते मुळीच नव्हते. गुण मात्र मिळत. हाताने करायचे काम हे शोभेचे काम, ही समजूत आपल्या मनात त्या तासाने पक्की केली. आता तीच समजूत आपण दानाच्या खोक्यात भरून महापालिकेच्या शाळेत पोहोचवत आहोत.

गंमत अशी की महाराष्ट्रातल्या मुलांना बांधकाम शिकवायला कोणाच्या देणगीची कधीच गरज पडली नव्हती. सहामाही परीक्षा संपली की चाळीतल्या, वाड्यातल्या, गल्लीतल्या पोरांना दिवाळीच्या किल्ल्याचे वेध लागत. कोणी पडक्या भिंतीच्या विटा पळवून आणी, कोणी वाण्याकडून गोणपाट. माती कुठली चिकट, कुठली नुसतीच भुसभुशीत, हे चिखल तुडवल्याशिवाय कळत नसे. बुरुज उभा करावा आणि दुपारच्या उन्हात त्याला तडा जावा, मग कोणीतरी शहाण्या दादाने सांगावे की मातीत थोडा भुसा मिसळा. मावळे चढतील अशी वाट हवी, तर चढ किती ठेवायचा? तळ्यातले पाणी जिरू नये म्हणून खाली काय घालायचे? अळीव पेरून हिरवळ यायची असेल तर किल्ला चार-पाच दिवस आधी पुरा व्हायला हवा, म्हणजे कामाची आखणी आलीच. विटा किती लागतील याचा अंदाज चुकला की रात्री पुन्हा मोहीम. वडीलधाऱ्यांचे या कामी एकच मोठे योगदान असे. ते लक्ष देत नसत.

आज बाजारात प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो. तो घरी आणायचा आणि वर महाराज बसवायचे. त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. इमारतींच्या आवारात फरशी आहे, माती उरलेली नाही आणि चिखल केला तर सोसायटीची नोटीस येते. सांगायचा मुद्दा एवढाच की मूल ज्या कामातून खरोखर शिकते त्या कामात साहित्य अडेल असते, चूक दिसते आणि ती सुधारायला वेळ असतो. पाऊण तासाच्या कार्यशाळेत या तिन्ही गोष्टी आधीच काढून टाकलेल्या असतात.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो साधा नाही. गरिबांच्या मुलांना हातकाम शिकवा म्हणणारे स्वतःच्या मुलांना काय शिकवतात? हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची नई तालीम पुढे आली. हस्तोद्योगाच्या भोवती सारे शिक्षण गुंफायचे आणि मुलांच्या कामातून शाळेचा खर्चही भागवायचा, ही ती कल्पना. टीका लगेच सुरू झाली. शाळांचे कारखाने होतील, मुले राबवली जातील, असे लोक म्हणू लागले. खुद्द झाकीर हुसेन समितीच्या अहवालातही हा धोका ओळखून इशारा दिलेला आहे की उत्पादनाच्या नादात शिक्षण मागे पडू देऊ नका. त्याहून खोलवरचा संशय जातीचा होता. ज्यांच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चामडे कमावले, माती वाहिली, दगड फोडले, त्यांना शाळेतही तेच करायला लावणार काय? त्यांना पुस्तक हवे होते, आणि ते हवे असणे रास्त होते. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते की जात ही केवळ श्रमांची विभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे. ज्या समाजात कोणते काम कोणी करायचे हे जन्माने ठरते, तिथे मुलाच्या हाती थापी देताना दहा वेळा विचार करावा लागतो.

पण म्हणून थापी द्यायचीच नाही, हे त्याचे उत्तर होत नाही. महात्मा फुले बांधकामाची कंत्राटे घेत. गवंडी, पाथरवट, मजूर यांच्या कामाची आणि त्यात होणाऱ्या नागवणुकीची त्यांना आतून माहिती होती. त्याच फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना मोडी-बाळबोध लिहिणे-वाचणे आणि हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञानही शाळेत द्यावे, अशी मागणी केली. हात आणि अक्षर यांतून एक निवडा, असे त्यांनी म्हटले नाही. अशी निवड करायला लावणे हाच तर अन्याय आहे.

आपल्याच राज्यात हे कोडे कोणी सोडवून दाखवले असेल तर ते पाबळच्या विज्ञान आश्रमाने. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत डॉक्टरेट केलेले अन्नतंत्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळच्या अवर्षणग्रस्त माळावर बस्तान बसवले. तिथून शाळांसाठी जो अभ्यासक्रम निघाला, तो आठवी ते दहावीच्या मुलांसाठी. आठवड्यातला एक दिवस कामाचा. चार विभाग : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य, शेती-पशुपालन. आणि प्रत्येकाने चारही करायचे. मुलीने वेल्डिंग करायचे, मुलाने स्वयंपाक आणि रक्ताची तपासणी. या ‘चारही’ शब्दात खरी मेख आहे. एकच कसब शिकवले की मुलाच्या कपाळी ते जातीसारखे चिकटते. सुताराचा मुलगा सुतारकाम शिकला, यात नवे काय? पण त्याच मुलाने वायरिंग केले, विटांची भिंत घातली, कोंबड्यांना लस टोचली आणि प्रत्येक कामाचा खर्च काढला की त्याला कोणत्या खणात बसवायचे हे कोणाला सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलांनी केलेले काम गावाला लागणारे असते. शाळेचे बाक, संडास, फेरोसिमेंटची पाण्याची टाकी. ज्याला काम हवे त्याने साहित्याचा खर्च द्यायचा. काम वाईट झाले तर लोक बोलतात, टाकी गळली तर सगळ्या गावाला दिसते. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या ताजमहालाला कधी गळती लागत नाही, म्हणून त्यातून कोणी काही शिकत नाही. आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत मोलाची वाटते, ती ही की शिकवणारा निदेशक गावातला किंवा पंचक्रोशीतला कसबी माणूस असतो. त्याला बी.एड. लागत नाही. त्याला त्या दिवसाचे मानधन मिळते आणि मुले त्याला ‘सर’ म्हणतात. ज्या गवंड्याला शाळेच्या फाटकातून फक्त भिंत दुरुस्त करायला प्रवेश होता, तो फळ्यापाशी उभा राहतो. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रमाचे काम पुढे चालू राहिले. एमआयटीची ‘फॅब लॅब’ अमेरिकेबाहेर जिथे पहिल्यांदा पोहोचली त्यांत पाबळ होते, ही गोष्ट पुण्यातल्याही अनेकांना ठाऊक नसते.

गवंडी फळ्यापाशी उभा राहिला की काय होते, हे एका उदाहरणाने सांगतो. पायाची आखणी करताना कोपरा काटकोनात आहे की नाही हे गवंडी कसा पाहतो? दोरीवर एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट खूण करतो आणि तिरके अंतर पाच भरते का ते मोजतो. पाच भरले की कोपरा गुण्यात. हा पायथागोरसचा सिद्धांत आहे. आपला विद्यार्थी तो सिद्ध करून गुण मिळवतो आणि मैदानावर चुन्याने साधा चौकोन आखायला सांगितला तर भांबावतो. गवंडी रोज तो वापरतो आणि त्याला नाव ठाऊक नसते. दोघे एका तासाला एकत्र आले तर दोघांच्याही डोक्यात काहीतरी पेटते. तेच काँक्रीटचे. ते वाळून घट्ट होते असे बहुतेक शिकल्यासवरल्यांना वाटते. मग आठवडाभर त्यावर पाणी कशासाठी मारतात? सिमेंट वाळत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. मुलाने दोन विटा जोडून एका जोडाला पाणी मारले आणि दुसऱ्याला मारले नाही, तर आठ दिवसांनी हाताने ओढून त्याला रसायनशास्त्र कळते. मात्र त्यासाठी आठ दिवस द्यावे लागतात. तिथे टी-शर्टवाली मंडळी पुन्हा यायला हवीत.

सुरक्षिततेचे काय, असे कोणी विचारील. जरूर विचारावे. कोपनहेगनच्या एमड्रुप भागात १९४३ मध्ये, जर्मन फौजांचा अंमल असताना, मुलांसाठी एक अजब मैदान सुरू झाले. सी. टी. सोरेन्सन नावाच्या उद्यान-रचनाकाराच्या ध्यानात आले होते की आपण आखलेल्या सुबक बागांपेक्षा मुले अर्धवट बांधकामांच्या जागी जास्त रमतात. म्हणून त्या मैदानात झोके-घसरगुंड्या ठेवल्याच नाहीत. फळ्या, विटा, दोर, हातोड्या, खिळे ठेवले आणि जॉन बर्टेलसन नावाचा एक समंजस माणूस ठेवला. मुले झोपड्या बांधत, पाडत, पुन्हा बांधत. लेडी अ‍ॅलन या इंग्रज बाईंनी १९४६ मध्ये ते पाहिले आणि बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या लंडनच्या मोकळ्या जागांवर तशीच मैदाने उभारण्याची चळवळ सुरू केली. बोटाला हातोडी लागणे आणि डोक्यावर भिंत कोसळणे यांत फरक असतो. पहिल्याची मुभा द्यायची आणि दुसरे होऊ द्यायचे नाही, हेच तिथल्या मोठ्या माणसाचे काम. आपण मात्र हातोडीच काढून घेतो आणि फेव्हिकॉल देतो.

आता ज्या मुलांच्या नावाने हे सारे चालते त्यांच्याकडे वळू. पुण्या-मुंबईच्या प्रत्येक मोठ्या बांधकामावर पत्र्याच्या झोपड्यांत मजुरांची मुले राहतात. त्यांच्यासाठी १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत ‘मोबाइल क्रेश’ सुरू केले. रजनी परांजपे यांच्या ‘डोअर स्टेप स्कूल’ने मुंबईपाठोपाठ पुण्यातही वर्ग नेले. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री-कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले होते. किती ठिकाणी ते असते, हे कोणत्याही साइटवर चक्कर मारून वाचकांनीच पाहावे. या मुलांना ‘बांधकामाचा अनुभव’ देऊ म्हणणे ही क्रूर थट्टा वाटेल. वाळूच्या ढिगावरच ती वाढतात. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावण्यास २०१६ च्या दुरुस्तीनंतर काही अपवाद वगळता सर्वत्र बंदी आहे आणि ती तशीच कडक राहायला हवी. दानाच्या नावाने कोणी मुलांकडून भिंती बांधून घेऊ लागला तर त्याला थेट पोलिसांच्या हवाली करावे.

पण त्या मुलांनी आयुष्यात काय पाहिलेले नसते? त्यांनी नकाशा पाहिलेला नसतो. आईच्या डोक्यावरचे घमेले त्यांना पाठ असते. बाराव्या मजल्याचे चित्र ज्या कागदावर आहे तो कागद साइटच्या ऑफिसात, इंजिनिअरच्या टेबलावर असतो. त्या ऑफिसात त्यांना मज्जाव असतो. त्यांना एक दिवस तो कागद उलगडून दाखवा. यातली ही रेघ म्हणजे तुझे पप्पा बांधतात ती भिंत, हे सांगा. त्यांच्या स्वतःच्या झोपडीचा नकाशा मोजून काढायला लावा, लेव्हलच्या नळीत पाणी भरून अंगणाचा उतार पाहायला लावा. आणि नकाशे पाहून मोठी होणार आहेत अशा इंग्रजी शाळांतल्या मुलांना घमेल्यात माल कालवायला लावा. दोघांना एकाच मिस्त्रीच्या हाताखाली उभे करता आले तर फारच चांगले, पण त्या शाळांचे पालक त्याला कितपत तयार होतील याची मला शंका आहे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मुलाला ‘रोबोटिक्स’च्या शिबिराला हजारो रुपये भरले आणि घरात आलेल्या प्लंबरजवळ तो बसून राहिला म्हणून त्याला रागे भरले.

तेव्हा कंपन्यांच्या विश्वस्तांना आणि हौशी मंडळांना माझे मागणे मोठे नाही. चाळीस खोक्यांच्या पैशांत दोन रंधे, चार करवती, पटाश्या, गिरमिट, गुण्या, ओळंबा, थाप्या येतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. ती हत्यारे शाळेत ठेवा. वस्तीतल्या सुताराला, गवंड्याला आठवड्यातून एक दिवस रोजाच्या दराने बोलवा. रोज पूर्ण द्या, ‘समाजसेवा’ म्हणून त्याच्याकडून फुकट करून घेऊ नका. तुमची छायाचित्रे वर्षाच्या शेवटी काढा.

काम शोधायला दूर जावे लागणार नाही, हे मी त्या शाळेतच पाहिले. कार्यशाळा संपल्यावर बाहेर पडताना जिन्याखाली मोडक्या बाकांचा ढीग दिसला. मी मोजले, अकरा होते. काहींचा नुसता एक पाय निखळला होता. वरच्या वर्गात मुले जमिनीवर बसून घरटी चिकटवत होती, ती याच कारणाने. मुख्याध्यापकांना विचारले, तर ते कसनुसे हसले. म्हणाले, बाक डेडस्टॉकला आहेत. निर्लेखनाचा प्रस्ताव वर गेला आहे. मंजुरी येईपर्यंत ते टाकता येत नाहीत आणि दुरुस्तीचे हेड वेगळे असल्यामुळे दुरुस्तही करता येत नाहीत.

मागच्या महिन्यात त्या मुलाच्या वडिलांची गाठ पडली. बाकांचे सांगितल्यावर त्यांनी विचारले, ‘‘लाकूड सागाचं आहे का प्लायचं?’’ सागाचे आहे म्हटल्यावर म्हणाले, ‘‘मग दोन रविवारांचं काम आहे. पोरं हाताखाली दिली तर तीन.’’ मुख्याध्यापकांनी परवानगीसाठी पत्र पाठवले आहे.